गाडीच्या टपावर सोलर बसवावे का?

"मॅडम, सहाशे वॅटचे पॅनेल टाका, आयुष्यभर वीज फुकट." दुकानदाराने काउंटरपलीकडून हे सांगितले आणि शेजारी उभ्या असलेल्या आमच्या अकरावीतल्या मुलाचे डोळे चमकले. तो विज्ञान शाखेचा. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणारी बाई. 'फुकट' शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. कोणासाठी फुकट, वर्षातले किती दिवस फुकट, आणि फुकट होण्याआधी मोजायचे किती?

तीन आठवडे आमच्या घरात याच विषयावर खल चालला होता. आता निर्णय झाला आहे. तो का झाला ते सविस्तर लिहिते. कारण स्वयंपाक-झोपण्याची सोय असलेल्या गाड्या आता आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून लोक चौकशी तरी करू लागले. गाडी घेतली की पहिला प्रश्न विजेचा येतो, आणि त्यावर जो तो एकच उत्तर देतो, सोलर. उत्तर इतके तयार असते की प्रश्न नीट विचारलाच जात नाही.

आमची गाडी म्हणजे सात वर्षे वापरलेला टेम्पो ट्रॅव्हलर. भाईजान आणि मी निम्मे-निम्मे पैसे घालून घेतला. आधीच्या मालकाने आत चार जणांची झोपण्याची सोय, छोटा ओटा, पाण्याची टाकी, बारा व्होल्टचा फ्रिज आणि शंभर ॲम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी बसवून घेतली होती. आरसीवर तशी नोंदही आहे. मात्र ती बॅटरी फक्त घरच्या प्लगवर चार्ज होते. प्रवासात ती कशी भरायची, हा आमचा प्रश्न.

हौस म्हणून हा प्रश्न सोडूनही देता आला असता. पण यात अम्मी आहे. अम्मीला दिवसातून दोनदा इन्सुलिन लागते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही भाड्याच्या जीपने खालाकडे कंधारला निघालो होतो. इन्सुलिन थर्मासमध्ये बर्फावर ठेवले होते. संध्याकाळी उघडून पाहतो तर बाटली बर्फाला चिकटून गोठलेली. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नसते, हे आम्हाला डॉक्टरांना फोन केल्यावर कळले. रात्री साडेनऊला एका तालुक्याच्या गावात बंद होत आलेली मेडिकलची दुकाने आम्ही पालथी घातली. औषध मिळाले, पण त्या दोन तासांत अम्मीने ठरवून टाकले. घरी आल्यावर म्हणाली, "अब मैं कहीं नै आती. तुम लोगां जाव." खाला अम्मीपेक्षा चार वर्षांनी मोठी आहे आणि तिला आता गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही. म्हणजे दोघी बहिणींची भेट होणार की नाही, हे गाडीतला छोटा फ्रिज रात्रभर चालतो की नाही यावर येऊन थांबले. गाडी घेतली ती मुख्यतः यासाठी.

म्हणून मी फळ्यावर लिहावे तसे वहीत लिहायला बसले. सोलर किती घ्यायचे हे नंतर. आधी आम्हाला वीज किती लागते?

फ्रिज पंचेचाळीस वॅटचा. त्याचा कॉम्प्रेसर सतत चालत नाही, थांबून थांबून चालतो. निम्मा वेळ चालला असे धरले तर चोवीस तासांत 540 वॅट-अवर. बारा व्होल्टचे दोन पंखे, प्रत्येकी वीस वॅट, आठ तास, म्हणजे 320. पाच वॅटचे चार दिवे चार तास, म्हणजे 80. चार मोबाइल, साधारण 60. भांडी आणि वुजूसाठी पाण्याचा पंप, दिवसभरात जेमतेम 10. बेरीज 1,010. हजार वॅट-अवर म्हणजे एक युनिट. महावितरणच्या बिलावर असते तेच युनिट.

एक युनिट! ही बेरीज पाहून मुलगा थोडा हिरमुसला. सहाशे वॅटच्या पॅनेलची स्वप्ने पाहणाऱ्याला हा आकडा फारच साधा वाटला. त्याने लगेच एसीचा विषय काढला. तोही हिशोब केला. एक टनाचा एसी चालू असताना साधारण एक किलोवॅट खातो. रात्रीचे सहा तास चालवला तर पाच-सहा युनिटे. त्यासाठी टपावर दीड किलोवॅटच्या आसपास पॅनेल हवे आणि आत चार-पाच पट मोठी बॅटरी. आमच्या टपावर हवेचा झरोका आणि सामानाचा कॅरियर सोडला तर तेवढी जागाच उरत नाही. एसी वहीतून खोडला. ज्यांना गाडीत एसी हवाच आहे, त्यांनी रात्री प्लग मिळेल अशाच जागी मुक्काम करावा. टपावरच्या सोलरवर रात्रभर एसी चालेल असे कोणी सांगत असेल, तर त्याला बॅटरीचा हिशोब लिहून मागावा.

आता पॅनेल काय देते ते पाहू. आपल्याकडे घराच्या गच्चीवर योग्य कलाने बसवलेले एक किलोवॅटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिटे देते. गाडीवरचे पॅनेल आडवे असते. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. शाळेला सुट्टी असली तरी मी मोहल्ल्यातल्या मुलांना जमवून अंगणात बाटली उभी करून दाखवते. दुपारी साडेबाराच्या सुमारास बाटलीची सावली तिच्या बुडाखाली नाहीशी होते. त्या दिवसांत आडव्या पॅनेलवर पूर्ण ऊन पडते. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य क्षितिजापासून एकोणपन्नास अंशांवरच असतो, म्हणून त्याच पॅनेलवर दुपारीसुद्धा सुमारे तीन-चतुर्थांश ऊन पडते. शिवाय पॅनेलला प्रकाश आवडतो, उष्णता आवडत नाही. त्याचे वॅट मोजतात ते पंचवीस अंश तापमानाला. त्यावर प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण पाव ते अर्धा टक्का घटते. मे महिन्यात पॅनेल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापते, म्हणजे दहा-पंधरा टक्के तिथेच गेले. वर रस्त्याची धूळ.

एवढे सगळे वजा केले तरी चारशे वॅटचे पॅनेल आमचे एक युनिट भरून काढेल. हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. अट एकच, गाडी दिवसभर उन्हात उभी पाहिजे.

इथेच आमच्या घरात गाडी अडली. मुलाने ही अट वाचून दाखवली तेव्हा अम्मी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडी छाँव में लगाना. धूप में नक्को."

मराठवाड्याच्या रस्त्यावर मे महिन्यात दुपारी कोण गाडी उन्हात उभी करतो? आपण लिंब शोधतो, चिंच शोधतो, पेट्रोल पंपाचा आडोसा शोधतो. बेचाळीस अंशांच्या उन्हात उभ्या गाडीत सत्तरीची बाई बसू शकत नाही. बरे, पॅनेलसाठी गाडी उन्हात ठेवली तर आत भट्टी होते, आणि मग निम्मा वेळ चालणारा फ्रिज पाऊण वेळ चालतो. म्हणजे कमवायला गाडी उन्हात लावायची आणि कमावलेले तिथेच खर्चायचे. सावलीत लावली तर झाडाची एक फांदी पॅनेलच्या कोपऱ्यावर आली तरी उत्पादन तेवढ्यापुरतेच घटत नाही. आतले सेल एकापुढे एक साखळीत जोडलेले असतात. एक अडला की त्याच्या ओळीतले बाकीचेही खोळंबतात.

मुलाचा प्रतिवाद चांगला होता. तो म्हणाला, पॅनेल टपापासून दोन इंच वर बसवतात, त्यामुळे टपावर छत्री धरल्यासारखे होते आणि गाडी कमी तापते. बरोबर आहे. पण तेवढ्यासाठी पांढरा रंग किंवा जाड पांढरी ताडपत्रीही चालते.

मग मी उलट प्रश्न विचारला. आम्ही उभे किती राहतो? वहीत मागच्या प्रवासांची नोंद होती. आम्ही एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त थांबत नाही. सोलापूरहून निघालो की तुळजापूर, औसा, लातूर करत कंधार, वाटेत चहा-नमाज-जेवण धरून दिवस जातो. गाडीची चाके रोज तीन-चार तास फिरतात. चाके फिरत असताना इंजिनावरचा अल्टरनेटर वीज बनवत असतोच. ती घरच्या बॅटरीपर्यंत नीट पोचवण्यासाठी डीसी-टू-डीसी चार्जर नावाची डबी मिळते. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडू नये. ती इतका प्रवाह ओढू शकते की अल्टरनेटर तापून जळेल. ही डबी तो प्रवाह आवरते. तीस ॲम्पिअरचा चार्जर तासाला साधारण चारशे वॅट-अवर देतो. अडीच-तीन तासांत आमचे एक युनिट भरले. ऊन असो, ढग असो, लिंबाची सावली असो. आणि खालाच्या अंगणात पोचलो की तिच्या घराचा प्लग आहेच.

"पण डिझेल फुकट आहे का?" मुलाने आता माझाच शब्द माझ्यावर टाकला. नाही, फुकट नाही. अल्टरनेटरवर भार पडला की इंजिन जास्त इंधन घेते. एका युनिटाला साधारण अर्धा लिटर डिझेल धरावे. लिटरला नव्वद रुपये धरले तर पंचेचाळीस रुपयांना एक युनिट. घरच्या दराच्या मानाने ही वीज महागच आहे. आमची गाडी वर्षातले चाळीस दिवस फिरते, उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी आणि मधले काही शनिवार-रविवार. चाळीस युनिटे, वीस लिटर, अठराशे रुपये. दुकानदाराने चारशे वॅटचे पॅनेल, कंट्रोलर, वायरी, पट्ट्या आणि मजुरी मिळून अडतीस हजार सांगितले. चार्जर बसवून चौदा हजारांत. फरक चोवीस हजारांचा. वर्षाला अठराशे वाचवून तो भरून निघायला तेरा वर्षे लागतील. गाडी तेव्हा वीस वर्षांची असेल आणि अम्मी... ते वाक्य मी पूर्ण केले नाही.

यात धुराचा मुद्दा राहतोच. मुलगा म्हणाला, पैशांचे ठीक, पण डिझेल जाळून पंखा फिरवणे बरोबर आहे का? हा प्रश्न मला आवडला आणि माझा खरा मुद्दा त्याच्या उत्तरात आहे. चारशे वॅटची पॅनेले आमच्या गाडीवर बसवली तर वर्षातले चाळीस दिवस ती आमच्या कामी येतील. उरलेले सव्वातीनशे दिवस बॅटरी भरलेली असेल आणि पॅनेल उन्हात नुसते तापत बसेल. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली तर तेही नाही. तीच चारशे वॅट घराच्या गच्चीवर बसवली तर वर्षाला साडेपाचशेच्या वर युनिटे मिळतील. गाडीवर चाळीस, गच्चीवर साडेपाचशे. ज्याला धुराची खरोखर काळजी आहे, त्याने पॅनेल घरावर बसवावे.

घरासाठी सरकार पैसेही देते. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला तीस हजार, दोन किलोवॅटला साठ हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान आहे. ते विजेच्या जाळ्याला जोडलेल्या घराला मिळते, गाडीला नाही. गच्चीवर जास्त झालेली वीज नेट मीटरमधून बाहेर जाते आणि शेजाऱ्याच्या घरात दिवा लागतो. गाडीवर जास्त झालेली वीज कुठेच जात नाही.

याचा अर्थ गाडीवर सोलर कधीच बसवू नये असा नाही. जो उभा राहतो आणि जिथे प्लग नाही, त्याला सोलर हवेच. निवृत्त जोडपे एखाद्या शेताच्या कडेला आठ-आठ दिवस मुक्काम करत असेल, तर इंजिन चालू ठेवून बॅटरी भरणे मूर्खपणाचे. वाड्या-वस्त्यांवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीला तर टपभर पॅनेल असावे. आणि सोलरचा सगळ्यात नेमका वापर मी पाहिला आहे तो उसाच्या फडाशेजारी. ऊसतोड कामगारांच्या कोपीवर वहीएवढे एक पॅनेल, त्यावर एक दिवा आणि एक मोबाइल. माझ्या वर्गात दिवाळीनंतर गायब होणारी दोन-तीन मुले दरवर्षी असतात. त्यांच्यातल्या एकाने मला सांगितले होते, "मॅडम, आमचा दिवा रात्री नऊपर्यंत पुरतो, मग झोपायचं." त्यांना किती लागते हे त्यांना माहीत आहे आणि तेवढेच त्यांनी घेतले आहे. आपण मात्र आधी टपाची लांबी मोजतो आणि मग ती भरायला गरजा शोधतो.

आणखी दोन गोष्टी, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणी हे काम करायला निघाले असेल. एक, टपाला भोके पाडून पट्ट्या बसवल्या की पावसाळ्यात पाणी कुठून शिरेल सांगता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून टपावर काहीही चढवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे, दुकानदाराला नव्हे. दोन, वीज सूर्याची असो वा इंजिनाची, बॅटरीच्या अगदी जवळ योग्य फ्यूज आणि पुरेशी जाड वायर असलीच पाहिजे. बारा व्होल्टला प्रवाह मोठा असतो, बारीक वायर तापते आणि गाडीत गाद्या-पडदे असतात. इथे पैसे वाचवू नयेत.

राहिली अम्मीच्या औषधाची गोष्ट. एकाच यंत्रावर ते अवलंबून ठेवायचे नाही, हे आम्ही त्या रात्री शिकलो. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत, मधल्या कप्प्यात, गार भिंतीला न टेकता. शेजारी साडेतीनशे रुपयांचा थर्मामीटर. वापरात असलेली बाटली तीस अंशांच्या आत असेल तर साधारण चार आठवडे चालते असे डॉक्टरांनी सांगितले आहे. प्रत्येक प्रकाराचे वेगळे असते, म्हणून आपापल्या डॉक्टरांना विचारावे. फ्रिज बंद पडलाच तर आमच्यासोबत एक छोटा माठ आहे. त्यात कोरडी डबी, डबीत बाटली, आणि माठाभोवती ओले फडके. कोरड्या मराठवाडी उन्हात माठ चांगले काम करतो, त्याला एकही वॅट लागत नाही. ही कल्पना भाईजानची नाही, माझीही नाही, मुलाचीही नाही. ती अम्मीची.

तर निर्णय असा झाला. टपावर पॅनेल नाही. चार्जर बसवला. मुलाच्या समाधानासाठी एक सोय ठेवली आहे, बॅटरीपासून खिडकीपर्यंत एक जास्तीची वायर. आम्ही कधी चार-पाच दिवस एका जागी राहू लागलो, तर घडीचे एक पॅनेल आणू. गाडी लिंबाखाली, पॅनेल दहा फुटांवर उन्हात. तेव्हा माझे मत बदलेल आणि मी ते इथेच लिहीन. वाचलेले चोवीस हजार भाईजानच्या गच्चीवरच्या सोलरसाठी बाजूला ठेवले आहेत. अर्ज भरायचे काम मुलाकडे दिले आहे.

मागच्या शनिवारी चाचणी घेतली. दिवसभर पंढरपूरपर्यंत जाऊन आलो, रात्री प्लग न लावता गाडी अंगणात उभी केली. फ्रिज, पंखे, दिवे सगळे चालू. मी आणि मुलगा गाडीतच झोपलो. पहाटे फज्रच्या अजानला उठले तेव्हा मीटरवर बॅटरी बावन्न टक्के होती आणि फ्रिजमधला थर्मामीटर पाच अंश दाखवत होता. बाहेर अम्मी काठी टेकत उभी होती. तिने दाराची पायरी पायाने चाचपून पाहिली आणि विचारले, "ये सीढी थोडी ऊँची है ना?"

आज सुताराला बोलावले आहे.